गच्चीवरची पिलबाग

जिजी, पिशव्यांना पाणी घातले आहे. हे आधी सांगतो, कारण मी बाहेरून आलो की उंबऱ्यातच तुझा पहिला प्रश्न हा असे, आणि उत्तर मिळाल्याखेरीज तू दुसरे काही ऐकून घेत नव्हतीस.

तेराव्याची पंगत उठली. माणसे आपापल्या गावी गेली. जाताना तुझ्याविषयी बरेच बोलून गेली. तू कष्टाळू होतीस, देवभोळी होतीस, सोशीक होतीस. पहिले खरे आहे. दुसरे अर्धे खरे आहे. सोशीक तू कधीही नव्हतीस. ते गेलेल्या बाईला सरसकट लावायचे विशेषण आहे. मी कोणाला दुरुस्त केले नाही. तू असतीस तर तूच केले असतेस.

तू या घरी राहायला आलीस त्या दिवसाविषयी आपण दोघे पुढे कधी बोललो नाही. आज बोलतो. तू बसमधून उतरून बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात, भावाकडे चालत आलीस. काखेत जुन्या लुगड्याचे गाठोडे होते. मी समजलो कपडे असतील. तू ते मोरीत नेऊन सोडलेस, तर आत चिखलाने माखलेला केळीचा एक कंद. मी विचारले, हे काय. तू म्हणालीस, "बसराई." आणि हात धुऊन चहा ठेवायला गेलीस.

बाकीची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. दापोऱ्याच्या तुमच्या बागेत वादळ शिरले आणि उभी केळ आडवी झाली. तापीकाठच्या माणसाला हे नवे नाही. पण कोपऱ्यातली एक ओळ वाचली होती. ती दाजींनी स्वतःच्या हाताने लावलेली बुटकी बसराई. आजूबाजूच्या सगळ्या शिवारात टिश्यूची, प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे आली, दाजींनीही विकायच्या बागेत तीच लावली. ही एक ओळ मात्र घरच्या खाण्यासाठी म्हणून ठेवली. एका खोडाने घड दिला की ते कापायचे, बुडातून फुटलेले पील, म्हणजे नवे रोप, वाढू द्यायचे, त्याने दिला की त्याचे पील. दाजी गेले तरी ओळ चालू होती. तू माझ्या पत्नीच्या वर्षश्राद्धासाठी इकडे आली होतीस. निघताना मुलाला, सुभाषला सांगून आलीस की मी येईपर्यंत कोपऱ्याला हात लावू नको. तू परतलीस तेव्हा शेत सपाट होते. तुझा मुलगा म्हणाला, ट्रॅक्टर त्या एकाच दिवसापुरता मिळत होता, आणि बसराईला आता विचारते कोण. त्याची दोन्ही वाक्ये खरी होती. म्हणूनच तू उत्तर दिले नाहीस. बांधावर टाकलेल्या ढिगातून जीव असलेला एक कंद ओढून काढलास, लुगड्यात बांधलास आणि बस धरलीस.

माझी सगळी नोकरी महसुलाच्या कचेरीत शेतांचे नकाशे काढण्यात गेली. कोणाची हद्द कुठे संपते हे ठरवणे हेच माझे काम होते. आई आणि मुलगा यांच्यामधली हद्द मला काढता आली नाही. मी सरळ सांगितले की हे चुकीचे आहे, शेत तुझे आहे, घर तुझे आहे, परत जा. तू म्हणालीस, "भाऊ, तू जन्मभर जमीन मोजली. मी कसली. तू बोलू नको."

कंद मोरीत ओल्या गोणपाटात पडून राहिला. माझ्या घराला अंगण नाही, आणि मातीच्या कुंडीत केळ लावणे तुला केळीचा अपमान वाटत होता. दिवाळीला पुण्याहून माझी मुलगी नीता आली. तिने मोरीतला तो प्रकार पाहिला आणि काही दिवसांनी तिने मागवलेले एक खोके आले. त्यात कापडाच्या काळ्या पिशव्या होत्या, घोंगडीसारख्या जाड, दोन्ही बाजूंना धरायला कान. तू एक उलटीसुलटी करून पाहिलीस. "पोरी, ही भाजी आणायची पिशवी का भाजी लावायची?" नीताने तुला फोनवरून समजावले. कुंडीत मूळ भिंतीला लागले की गोल गोल फिरत राहते आणि स्वतःलाच गुंडाळते. इथे ते कापडापाशी येते, त्याला वारा लागतो, टोक तिथेच सुकते, आणि मागून नवी मुळे फुटतात. तू पिशवीचे कापड बोटांत चोळून पाहिलेस. मग विचारलेस, "म्हणजे थांबते. मरत नाही?" ती म्हणाली, "नाही मरत, आत्या." त्या संध्याकाळी तू पिशव्या गच्चीवर नेल्यास.

माती मात्र तुला दापोऱ्याचीच हवी होती. स्वतः जाणार नव्हतीस. मी निरोप दिला, सुभाषने पोती भरून आणून जिन्याखाली ठेवली आणि तू वरून उतरण्याच्या आत निघून गेला. किंवा तू तो जाईपर्यंत उतरली नाहीस. ती काळीभोर माती तू पिशव्यांत काठोकाठ दाबून भरलीस. नीताने सांगितले होते की वाळू, शेणखत आणि नारळाचा भुसा मिसळायचा. तू म्हणालीस की आमच्या मातीत भेसळ करायची वेळ आलेली नाही. चैत्रात ती माती तडकली, आक्रसली आणि कापडापासून सुटली. वरून घातलेले पाणी माती आणि कापड यांच्या फटीतून सरळ खाली वाहून जाई; मधला गोळा विटेसारखा कोरडा. वांगी गेली, मिरच्या गेल्या, गिलक्याचा वेल मांडवावरच वाळला. ज्या मातीवर आपल्या भागातल्या माणसाची सगळी मिजास, तिनेच तुला पाडले. तापीकाठच्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. तू पिशव्या ओतत होतीस, मी खुर्चीवर बसलो होतो. तू म्हणालीस, "बोल. बोलून घे एकदा." मी बोललो नाही. मला त्यात अधिक समाधान होते.

केळीच्या पिशवीतला गोळा तू हाताने फोडलास. कंद आत जिवंत होता. बोटाएवढा पांढरा कोंब आलेला. तू तो मला दाखवलास आणि लगेच पदराखाली घेतलास, उन्हापासून.

त्यानंतर तू भेसळ केलीस आणि गच्ची हिरवी झाली. भरिताची वांगी, लांब, पोपटी. पोकळा. लवंगी मिरची. एका पिशवीत लिंबू, एकीत पपई. मधोमध सर्वांत मोठ्या पिशवीत बसराई, वाऱ्याने पडू नये म्हणून कठड्याला बांधलेली. वैशाखात तू दोन वेळा पाणी घालायचीस आणि सबंध पिशवीला बाहेरून ओल सुटायची. तू त्या ओल्या कापडावर पालथा हात ठेवून पाहायचीस, ताप पाहावा तसा.

आपले वाद इथून सुरू झाले आणि ते मिटलेले नाहीत. पहिला वाद स्लॅबचा. माझे म्हणणे होते की पाणी रोज झिरपते, स्लॅब पाणी पिणार, खाली ओल उतरणार. मी पिशव्यांखाली परातींसारख्या तबकड्या आणून ठेवल्या. तू त्या काढून टाकल्यास. साचलेल्या पाण्यात कंद सडतो म्हणालीस. तू विटा ठेवल्यास आणि म्हणालीस की आता वारा खालून खेळतो, तुझ्या स्लॅबला सर्दी होणार नाही. मी म्हणालो, होईल. तू म्हणालीस, नाही. हे वाक्य आपण किती वेळा बोललो याला गणती नाही.

दुसरा वाद माझ्या सदऱ्यांचा. मी पांढरे घालतो हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. केळीचा चीक कपड्याला लागला की प्रथम दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून दोरी कठड्याच्या या बाजूला आणि बसराई त्या बाजूला, अशी हद्द मी आखून दिली होती. तुझी पाने वाऱ्यावर हद्द ओलांडत. मी तक्रार केली की तू म्हणायचीस, "साहेबाच्या सदऱ्याले डाग नको. मग जेवतो कायले? हात खराब होतात." तुझी सगळी लुगडी पदरापासून निऱ्यांपर्यंत डागांनी भरलेली होती. तुला त्यांची लाज नव्हती. मी मनात त्यांना मळकट म्हणत असे. शब्द योग्य नव्हता.

सुभाष दर महिन्याला येत होता. हळद, डाळ, कधी तुझी औषधे. तो खालच्या खोलीत बसे. मी त्याला चहा देई. तू वर असायचीस आणि तो आल्याचे कळताच बादल्यांचा आवाज वाढायचा. तुझ्या आज्ञेवरून मी त्याच्या पिशवीत वांगी घालत असे. तो विचारायचा, आईने दिली का. मी म्हणायचो, गच्चीवर झाली आहेत. तो जिन्याकडे पाहायचा आणि उठायचा. तुम्हा दोघांमध्ये एका जिन्याचे अंतर होते, आणि दापोऱ्याहून बुऱ्हाणपूरपर्यंत दर महिन्याला येणाऱ्या माणसाला ते चढवत नव्हते.

मी तुला म्हणालो, हाक मार. तू म्हणालीस, त्याने यावे. मी म्हणालो, मग बसराई वर आहे एवढे तरी त्याला सांगू दे. तेव्हा तू हातातले काम ठेवलेस. "त्याले सांगू नको. दे, असंही म्हणू नको. तो चढून आला, अन् त्यानं मागितली, तर दे." मी विचारले, आणि नाही मागितली तर? तू म्हणालीस, "तर मग विचारते कोण, हे त्याचं खरं."

तुझी सगळी पैज त्या एका रोपावर लागली होती, हे मला त्या दिवशी समजले.

पहिला घड आला तेव्हा तो भरताना मी पाहिला आहे. मला शेतीतले कळत नाही, परंतु वाढ मोजण्याची सवय आहे. केळ्यांच्या धारा बोथट झाल्या, फळे गोल झाली. तुझ्या घरची रीत मला माहीत होती. नव्या लागणीचा पहिला घड मुलाने कापायचा, आईने तो खांद्यावर झेलायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, आणि पहिली फणी इच्छापूरच्या देवीला. त्या महिन्यात सुभाष आला, खाली बसला, वांगी घेऊन गेला. तू वरून त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत कठड्याशी उभी होतीस. मी कोयता घेऊन वर आलो आणि म्हणालो, मी कापतो. तू कोयता माझ्या हातातून काढून घेतलास. "तू मामा आहेस. मुलगा नाहीस." घड झाडावरच पिकला. साली फाटल्या. बुलबुलांनी आणि खारींनी आठवडाभर मेजवानी केली आणि तू बाजूच्या पिशव्यांना पाणी घालत राहिलीस. मी या प्रकाराला नासाडी म्हटले. आपण काही दिवस एकमेकांशी बोललो नाही. आजही मी त्याला नासाडीच म्हणेन. पण तू पक्ष्यांना हाकलले नाहीस हे माझ्या लक्षात राहिले आहे.

मग तू ते खोड कापलेस, त्याचे तुकडे करून त्याच पिशवीत वर अंथरलेस आणि बुडातले एक पील राखलेस. खोडव्याच्या अशा बागेला तुम्ही पिलबाग म्हणता. तू म्हणालीस, "भाऊ, ही झाली आपली पिलबाग." एका पिशवीची बाग. मी हसलो नाही. हसायला हवे होते असे आता वाटते, कारण तू त्यासाठीच म्हणाली होतीस.

पिलाला कमळ, म्हणजे केळफूल, आले त्या सुमारास तुझा दम वाढला. तू जिना चढताना मध्ये थांबू लागलीस आणि थांबण्याचे कारण म्हणून तिथल्या भिंतीचा पोपडा नखाने काढू लागलीस. तो भाग आता खरवडलेला आहे. पुढे तुला वर जाता येईना. मी वर जाऊन यायचो आणि तू खाटेवरून उलटतपासणी घ्यायचीस. किती फण्या. वरची भरली का. टेकू हलला का. माझे उत्तर मोजके असले की तुला राग यायचा. "नकाशा नको सांगू. केळ कशी आहे ते सांग." मला त्याचे उत्तर देता येत नव्हते. मी म्हणायचो, बरी आहे.

या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेलेले दिवस मी इथे लिहीत नाही. सुभाष सतत तुझ्या उशाशी होता. तू त्याच्या हातून पाणी प्यायलीस, औषध घेतलेस, एकदा त्याच्या केसांवरून हात फिरवलास. मी समजलो आता सांगशील. तू सांगितले नाहीस. तो बाहेर गेल्यावर माझ्याकडे पाहून एवढेच म्हणालीस, "तूही नको." ते मी पाळले. मला ते पटले होते म्हणून नव्हे.

मी तुला दापोऱ्याला परत जा म्हणत आलो, ते तू इथून जावेस म्हणून नव्हते. घराचे दार उघडताना आत कोणी आहे, हे मला तुझ्यामुळे पुन्हा कळले होते. न्याय काय तेवढे मी सांगत होतो. इच्छा वेगळी होती. ती तुला सांगायची राहिली. भरितही चांगले होत असे.

दहावे दापोऱ्यालाच झाले; तेराव्याला सुभाष इथे आला आणि सगळे गेल्यावर दोन दिवस मागे राहिला. मी त्याला वर नेले नाही. तुझा शब्द होता. घड भरला होता, साल फाटायला फार दिवस उरले नव्हते, आणि मी खाली वर्तमानपत्र वाचत बसत होतो. मी आयुष्यात इतके कठीण काही केलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आंघोळ केली. खाली ओला पंचा टाकायला जागा नव्हती. त्याने विचारले, "मामा, दोरी कुठे आहे?" मी म्हणालो, गच्चीवर. तो गेला. वर्तमानपत्राचे तेच पान माझ्यासमोर राहिले. तो खाली येईना, तेव्हा मी चढलो. मध्ये, तुझ्या त्या खरवडलेल्या भिंतीशी, मलाही थांबावे लागले.

पंचा त्याच्या खांद्यावर तसाच होता. तो पिशवीसमोर उकिडवा बसला होता आणि खोडाच्या बुंध्यावर हात ठेवून होता.

"मामा, ही बसराई आहे."

मी म्हणालो, आहे.

"आपल्या कोपऱ्यातली?"

मी म्हणालो, बांधावरच्या ढिगातली.

त्याने बुंध्यावरचे एक सुके पान ओढून काढले. मग म्हणाला, "मी दर महिन्याला खाली बसून जात होतो."   त्याने बुडाशी बोटाने माती उकरली. दोन पिले होती, एक मोठे, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचे, दुसरे नुकते वर आलेले. त्या मोठ्याकडे पाहत, माझ्याकडे मान न वळवता, तो म्हणाला, "मामा, हे मले देता का?"

जिजी, त्याने मागितले. घड नाही मागितला. पील मागितले. तू हा फरक माझ्याआधी ओळखला असतास.

मी कोयता आणून दिला. त्याने आधी घडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कोयता खाली घेतला. झेलणारे कोणी नव्हते. रीत दोघांनाही ठाऊक होती. मी चष्मा काढून कठड्यावर ठेवला आणि घडाखाली जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "मामा, सदरा." मी म्हणालो, काप. एका घावात घड सुटला आणि खांद्यावर आला. अपेक्षेपेक्षा जड होता. दांड्यातून चीक गळत राहिला, मानेवरून आत गेला, थंड होता. जमिनीला टेकवला नाही. जिन्याने तसाच खाली आणला. सुभाष पुढे उलट्या पावली उतरत होता, दोन्ही हात पसरून, मी पडलो तर धरायला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसायला हात काढत नव्हता.

खोलीत पिकवून पहिली फणी आम्ही दोघे इच्छापूरला घेऊन गेलो. मी तोच सदरा घातला होता. धुतला होता, परंतु तुला माहीत आहे. खांद्यापासून खिशापर्यंत तपकिरी ओघळ आहे. देवळाच्या पायऱ्यांवर ओळखीचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी विचारले, हे काय लागले. मी म्हणालो, चीक.

मोठे पील दापोऱ्याला गेले. सुभाषने फोन करून सांगितले की कोपऱ्यात लावले, शेजारी काही लावलेले नाही. लहान पील पिशवीत ठेवले आहे. तो म्हणाला, मामा, तुम्हाला कशाला त्रास, तेही घेऊन जातो. मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारले नाही. तुझ्यापेक्षा त्याला थोडे कमी बोलता येते.

आता स्लॅब. तुझ्या खोलीत, खाटेच्या नेमके वर, ओल उतरली आहे. परवा पहिल्यांदा दिसली, हाताच्या पंजाएवढी; आज वाढली आहे. मी खाली उभे राहून नीट पाहिले. ती जागा बसराईच्या पिशवीखालचीच आहे, याविषयी नकाशे काढणाऱ्या माणसाला शंका असण्याचे कारण नाही. माझेच म्हणणे बरोबर होते. नाही म्हणायला आता कोणी नाही. मी खाट बाजूला सरकवली आहे. पिशवी जिथे होती तिथेच आहे.